मांडणीचं बटण

यंत्रावर हळदीचे ठसे आहेत, ते मामाचे.
पस्तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात तोलणार होता भूपालमामा,
रिटायर झाला तरी नखांच्या कडा पिवळ्याच राहिल्या.
राजाच्या प्याद्याखाली एक ठसा,
त्याच्या एकच घर पुढं दुसरा.

माहितीपुस्तक जर्मन.
आधीच्या मालकानं पेन्सिलीनं इंग्रजी अर्थ लिहिलेले,
त्याचं मराठी मी करत गेलो:
घर दाबायचं, दोन दिवे लागतात,
एक आडव्या ओळीचा, एक उभ्या.
"म्हंजे गल्ली आन् दार," मामा म्हणाला.

आधी आवाज बंद केला.
मामी आत सामायिकाला बसलेली
आणि हे प्रत्येक खेळीला टिटवीसारखं ओरडणारं.
मग पातळी.
"सातवी लाव. सातवीपत्तोरच शिकलोय."

खेळ बरा चालला होता.
मामा मोहरं "मारलं" म्हणत नाही, "घेतलं" म्हणतो,
घेतलेलं प्यादं वाटीत आडवं ठेवतो, आपटत नाही.
आणि मग त्यानं राजा उचलला,
घोड्यासारखा अडीच घरं उडवला.

लाल दिवे लुकलुकले.
त्यानं परत उडवला. परत तेच.
"शह बसायच्या आत येकदा उडतोय राजा,"
तो मला नाही, यंत्राला सांगत होता,
"आमच्या देशी डावात असंच हुतं.
हिला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

पान एकोणीस. मांडणी.
बटण दाबा, मोहरा उचला, हव्या त्या घरात ठेवा, बटण सोडा.
दिवे विझले.
हू की चू न करता यंत्रानं उंट बाहेर काढला,
जणू तो राजा जन्मापासून तिथंच उभा होता.
कुठनं आला, कुणाला विचारून आला,
काही नाही.

मामा बराच वेळ त्या बटणाकडं बघत बसला.
"असलं येक यार्डात पायजे हुतं."

पान बावीस मी वाचायला नको होतं.
तुमची पाळी असतानाही यंत्र विचार करत राहतं.
नको असल्यास बंद करता येईल.
"माझ्या येळात?"
काट्याला बोट लावताना एखादा अडत्या सापडावा
तसं तोंड झालं त्याचं. "बंद कर."
केलं.
दोन खेळ्या गेल्या. शंभर फुटी रस्त्यावरचे हॉर्न आत येत राहिले.
"लाव परत," तो म्हणाला.
"हसन शिकलगार बी तेच करायचा.
ऐतवारी मिरजेस्नं सायकल मारत यायचा,
माझी पाळी आली की आढ्याकडं बघत बसायचा.
मला वाटायचं, दम खातोय."

मग मी न सांगता त्यानं मांडणी दाबली,
एकेक मोहरा उचलून पट रिकामा केला
आणि अकरा परत ठेवले, न थांबता,
पोत्यांचे आकडे पाठ असावेत तसे.
"चौऱ्याहत्तर साल. हत्तीनं सरळ मात हुती.
मला प्यादेमात करायची हाव सुटली.
गेला डाव."

बाजू बदला, पान अकरा.
आता यंत्र मामाच्या जागी, मामा हसनच्या.
दोन खेळ्यांत हत्तीनं मात.
"हे मला बी दिसलं हुतं," मामा म्हणाला.
पुन्हा मांडला. पातळी सहा, हत्ती.
पाच, चार, हत्ती, हत्ती.
पहिल्या पातळीलाही, जिथं ते मुलांना वजीर फुकट देतं,
तिथंही हत्तीच.

"हिला हावच न्हाई. त्येचं बटण कंच्या पानावर?"

मी सूची उलगडली, शेवटपर्यंत गेलो.
दिवस मावळायला आला, मामीनं ताट वाढल्याची हाक दिली,
मावळल्यावर तो खात नाही हे तिलाही माहीत, त्यालाही.
उठला नाही.
डाव पुन्हा मांडलेला, आठव्यांदा की नवव्यांदा.
यंत्राची पाळी होती,
आणि मामा, पटाच्या पलीकडच्या बाजूला,
आढ्याकडं बघत होता.